मोर, मौसम आणि आपला माणूस

दूरदर्शनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सर्वांत जास्त व्यत्यय राष्ट्रीय पक्षी आणतो, हे मी चाकसूत राहत असताना शिकलो. मोर १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे आणि चाकसूतल्या मोरांना ते पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी कृषिदर्शनची वेळ झाली की त्यांतला एक, गल्लीतल्या सगळ्या गच्च्या, कठडे आणि कडुलिंब सोडून नेमका आमच्या अँटेनावर येऊन बसायचा आणि पिसारा खाली सोडून टोंकच्या दिशेने बघत राहायचा. चार-पाच किलोंचा तो ऐवज ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर टेकला की जयपूरकडे तोंड केलेली अँटेनाही हळूहळू टोंककडे वळायची. टोंकहून आमच्याकडे खरबुजं येत, कार्यक्रम येत नसत. खाली पडद्यावर मुंग्या सुरू होत.

मग आमची साखळी लागे. बाबा पडद्यासमोर, आई जिन्यात आणि मी गच्चीवर. बाबा म्हणत, "आला!" आई जिन्यातून ओरडे, "आला रे!" तो निरोप माझ्यापर्यंत येईतो मी अँटेना आणखी चार बोटं फिरवलेली असे आणि खाली बाबा म्हणत, "गेला!" चित्र यायचं तेव्हा आवाज जायचा. दोन्ही यायचे तेव्हा लाइट जायची.

मोराला हुसकावण्याची सोय नव्हती. मी काठी उचलली की शेजारच्या गच्चीवरून लालाजी बजावत, "राष्ट्रीय पक्षी है बेटा, मॅनेजरसाब को जेल हो जाएगी." मॅनेजरसाब म्हणजे आमचे बाबा. ते बँकेत हेडकॅशिअर होते, पण लालाजींनी त्यांना पहिल्या दिवशीच बढती देऊन टाकली होती आणि बाबांनी ती नाकारली नव्हती. शेवटी मोराला आमिष म्हणून पलीकडच्या कठड्यावर बाजरी टाकायची युक्ती आईने काढली. मोर बाजरी खायला उतरला. दुसऱ्या दिवशी तो दोन लांडोरी घेऊन आला.

चाकसू कुठे आहे हे इथेच सांगून टाकतो, कारण आमच्या नातेवाइकांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. जयपूरहून टोंककडे निघालात की चाळीसेक किलोमीटरवर चाकसू लागतं. पण पत्रात 'चाकसू' वाचलं की दादरचे मामा ते मनातल्या मनात 'चाकण' असं दुरुस्त करून घेत. ते आईला कळवत, "एवढ्या जवळ बदली झालीय तर रविवारी येऊन जा." एकदा त्यांनी कांद्याचा भावही विचारला होता.

तर या चाकसूत, आमच्या गल्लीत, मराठी घर एकच. आणि त्या घरात लाकडी शटरचा, कुलूप लागणारा, कृष्णधवल टीव्ही. शटर सरकवण्याचा मान बाबांचा. पडद्यावर त्या काळी सगळीकडे मिळायची ती पारदर्शक रंगीत काच बसवली होती: वर निळा पट्टा, मध्ये नारिंगी, खाली हिरवा. ही काच लावली की टीव्ही रंगीत होतो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि समुद्रकिनाऱ्याचं दृश्य लागलं की ते खरंही वाटे. पण समुद्रकिनारा आठवड्यातून एकदा लागायचा आणि बातम्या रोज. सलमा सुलतान यांच्या केसांतला प्रसिद्ध गुलाब आमच्या घरी कायम निळा असायचा आणि हनुवटी हिरवी. पंतप्रधानांपासून गव्हापर्यंत सगळ्यांचं कपाळ निळं. लालाजींच्या सेठाणीजी पहिल्या दिवशी बघून म्हणाल्या, "बेचारी की तबीयत ठीक नहीं लगती."

भारतात रंगीत दूरचित्रवाणी १५ ऑगस्ट १९८२ ला सुरू झाली. त्यासाठी हट्ट धरणारे मंत्री वसंत साठे होते, वर्ध्याचे खासदार. हे बाबा प्रत्येक नव्या प्रेक्षकाला सांगत. "रंगीन टीव्ही हमारे साठेसाहब लाये." त्यावर प्रेक्षक आमच्या कृष्णधवल संचाकडे बघून अदबीने मान हलवत. साठेसाहेबांनी रंग देशात आणला, आमच्या घरी नाही आणला, एवढाच त्या मान हलवण्याचा अर्थ.

आमच्या घरातल्या टीव्ही बघण्याचं खरं सूत्र हे होतं. कार्यक्रम कुठला, तो कंटाळवाणा आहे की रंजक, हे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न, यात आपला माणूस कोण? परमुलखातला मराठी माणूस एरवी दुसऱ्या मराठी माणसाला शक्यतो टाळतो, पण तो पडद्यावर असेल तर त्याच्यावर जीव टाकतो. पडद्यावरचा माणूस राहायला येत नाही, हे त्यामागचं कारण असावं. श्रेयनामावली सुरू झाली की आमच्या घरात सामूहिक श्वास रोखला जाई. दिग्दर्शक नाही, छायाचित्रण नाही, संकलन नाही... आणि अगदी खाली, नावं धावायला लागल्यावर, 'प्रकाश सहाय्यक: शिंदे' असं काही दिसलं की आई टाळी वाजवायची. गल्लीला वाटे, मालिका आवडली.

प्रिया तेंडुलकर 'रजनी' म्हणून लोकांना फैलावर घ्यायला लागल्या तेव्हा आईचं गल्लीतलं वजन एकाएकी वाढलं. दूधवाला आमच्याकडे पाणी कमी घालायला लागला. 'ये जो है जिंदगी' दर शुक्रवारी लागायची, विको कंपनीच्या सौजन्याने, म्हणजे पेंढरकरांच्या. हळद आपली, हे आधीच ठरलेलं. त्यात शफी इनामदार. आजी म्हणाली, "इनामदार म्हणजे आमच्या साताऱ्याकडचे असणार." ते दापोलीकडचे निघाले. आजीने साताऱ्याचा हक्क सोडला, पण खुशीने नाही. पुढे लेखकाचं नाव आलं, शरद जोशी. बाबा खुर्चीतून उठलेच. शेतकरी संघटनेचे शरद जोशी, चाकणला कांद्याचं आंदोलन करणारे, आता विनोदी मालिकाही लिहितात? "माणूस अष्टपैलू आहे," बाबा म्हणाले. हे शरद जोशी उज्जैनचे, हिंदीतले मोठे व्यंगकार. ते कळल्यावर बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तरीच कांद्याचा उल्लेख नव्हता."

या सगळ्याचा कळस १९८६ च्या शीतलाष्टमीला झाला.

चाकसूची शीतलाष्टमी म्हणजे शील की डूंगरीवरच्या शीतलामातेची जत्रा. होळीनंतर आठवडाभराने आसपासच्या गावांतून लोटच्या लोट येतात. त्या दिवशी चूल पेटवायची नाही. आदल्या दिवशी केलेलं गार खायचं, त्याला बासोडा म्हणतात. आमच्या आजीला शिळासप्तमी माहीत होती, पण ती श्रावणात. शिवाय सेठाणीजी म्हणत होत्या की हा चैत्र आहे आणि आमच्या भिंतीवरच्या कालनिर्णयात अजून फाल्गुन वद्य चाललेलं. आजीने दोन-तीन वेळा कालनिर्णय उतरवून त्यांना दाखवलं. सेठाणीजींना मराठी वाचता येत नव्हतं आणि आजीला हिंदी बोलता येत नव्हतं. शिवाय गल्लीत कानावर पडणाऱ्या 'कांई छै'मुळे हे सगळे लोक गुजराती आहेत अशी आजीची समजूत होती. वाद उत्तम रंगला.

महत्त्वाचं हे, की वर्षातून त्या एकाच संध्याकाळी चाकसूतल्या बायकांना स्वयंपाक नसायचा. आणि त्या वर्षी शीतलाष्टमी बुधवारी आली. बुधवार म्हणजे चित्रहार. दुपारचं ऊन उतरायच्या आत आमच्या पुढच्या खोलीत गल्ली भरली. पुढे मुलं, मागे बायका, दारात जत्रेहून परतलेले पाहुणे आणि खिडकीबाहेर ओळख नसलेली माणसं. राबडी, पुए, गार पकोडे फिरत होते. बाबांनी शटर सरकवलं. मला गच्चीवर पाठवण्यात आलं, कारण मोरालाही सुट्टी नव्हती.

सुरुवात कृषिदर्शनने. हा कार्यक्रम १९६७ च्या प्रजासत्ताकदिनी सुरू झाला आणि त्यातले तज्ज्ञ त्याच दिवशी बसले असावेत, अजून उठले नव्हते. एक गृहस्थ प्रश्न विचारत, दुसरे युरियाचं प्रमाण सांगत. गंमत म्हणजे हा कार्यक्रम शेतकरी कधीच बघत नसत. तो बघायचे आम्ही: एक हेडकॅशिअर, एक कापड दुकानदार, एक आजी आणि मोहल्ल्यातली पोरं. आमच्यापैकी कुणाकडे कुंडीसुद्धा नव्हती. पण भुईमुगावरच्या टिक्का रोगावर काय फवारावं, हे आम्हाला तोंडपाठ. बघायला दुसरं काही नव्हतं आणि शटर एकदा उघडलं की बंद करणं हा विजेचा अपमान मानला जाई.

त्या दिवशी प्रेक्षकांत मास्टरजी होते. ते जवळच्या खेड्यातले निवृत्त शिक्षक. पडद्यावर मुंग्या आल्या आणि त्यांना संधी मिळाली. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हमारे टाइम में सीधा आसमान से आता था."

ही थाप नव्हती. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर भारताने अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवली होती. 'साइट' नावाचा तो प्रयोग. राजस्थान त्यात होता, जयपूर जिल्हाही होता. जयपूरला साधं प्रक्षेपणकेंद्र यायच्या आधी काही खेड्यांत उपग्रहाची छत्री आली, तीही कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीची, दहा फूट व्यासाची. उपग्रह पूर्व आफ्रिकेच्या वर, कार्यक्रम अहमदाबादहून वर फेकलेले, आणि किल्ली मास्टरजींच्या खिशात. शाळेत संच, संचाला पेटी, पेटीला कुलूप. कोलंबोत आर्थर क्लार्क यांच्या घरावरही तशीच छत्री बसवली होती. मास्टरजी त्यांचा उल्लेख सहकारी असल्यासारखा करत.

"क्या आता था उसमें?" लालाजींनी विचारलं.

"सब कुछ," मास्टरजी म्हणाले. "उडिया में धान की खेती."

हेही खरं. वाहिनी एकच आणि भाषा अनेक, त्यामुळे संध्याकाळचे अडीच तास वाटून दिलेले होते. हिंदीची पाळी संपली की तेलुगू, कन्नड, ओडिया. कुलूप उघडलेलं, लोक बसलेले, मग उठणार कोण? बाजरी पिकवणारं गाव गुडघाभर पाण्यातली भातलावणी बघत बसे. ३१ जुलै १९७६ ला मुदत संपली आणि अमेरिकेने उपग्रह परत नेला. मास्टरजींच्या सांगण्यात तो प्रसंग शेजारणीने ऐन दिवाळीत आपली कढई परत मागितल्यासारखा यायचा. "ले गये," ते म्हणायचे. "एक दिन और रुकते तो तेलुगू पूरी समझ में आ जाती."

बाबांना हे सगळं ऐकून मत्सर वाटला. पण त्यांनी मासिकात वाचून ठेवलेलं होतं. साइटच्या कार्यक्रमाची सूत्रं सांभाळणारे एकनाथ वसंत चिटणीस मूळचे कोल्हापूरचे. आणि त्यातल्या शाळकरी मुलांसाठीच्या फिती करवून घेणाऱ्यांत विजया मुळे होत्या, त्याच त्या, ज्यांनी जाळं घेऊन उडणाऱ्या पाखरांची एकीची गोष्ट १९७४ साली पडद्यावर आणली. बाबा शांतपणे म्हणाले, "मास्टरजी, वो आसमान भी हमारा ही था." मास्टरजींनी त्यानंतर पकोड्याकडे लक्ष वळवलं.

मग दिल्लीहून हरवलेल्या माणसांच्या सूचना आल्या. रंग गहुवर्णी, उंची पाच फूट चार इंच, चेहरा गोल, निळा शर्ट. हे वर्णन आमच्या गल्लीतल्या निम्म्या पुरुषांना लागू पडे, त्यामुळे वातावरण तंग व्हायचं. सेठाणीजी दर वेळी म्हणायच्या, "ये तो हमारे भाई जैसा है." लालाजी आशेने विचारायचे, "वही तो नहीं है?" आजीचा जीव मात्र या कार्यक्रमात फार गुंतलेला. तिच्या दृष्टीने ती एक सलग मालिका होती. "कालचा तो सापडला का रे?" ती रोज विचारायची आणि सापडल्याचं दूरदर्शन कधीच सांगत नाही, म्हणून सरकारवर चिडायची.

आठ वाजता चित्रहार. खोलीतला गोंगाट थांबला. खिडकीबाहेरच्या अनोळखी माणसांनी आत पाय टाकले. पहिलं गाणं लागलं आणि आई म्हणाली, "आवाज आपला." लताबाई. दुसरं गाणं, "आवाज आपला." आशाबाई. तिसरं, पुन्हा लताबाई. नायिका पंजाबी असो, बंगाली असो, मद्रासची असो, गळा मंगेशकरांचा. आईला या कार्यक्रमात पराभव माहीतच नव्हता. सेठाणीजी कौतुकाने म्हणाल्या, "भाभीजी, आज तो सारे गाने आपके ही घर के हैं."

लालाजींना हे लागलं. कापडाच्या व्यवहारात ते कुणाला एक वार फुकट जाऊ देत नसत. ते घसा खाकरून म्हणाले, "मॅनेजरसाब, 'महल' देखी है? लताजी का नाम किससे हुआ? संगीत किसका था? खेमचंद प्रकाश का. कहाँ के? सुजानगढ के. राजस्थान!"

हे बिनतोड होतं. १९४९ चा 'महल', संगीतकार खेमचंद प्रकाश, जन्म सुजानगढचा. बाबांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा छताकडे. पाठीमागून कुणीतरी "जय हो" म्हणालं. खोलीत सीमारेषा आखली गेली. त्यानंतरची गाणी कुणी ऐकली नाहीत. जो तो संगीतकाराचं गाव काढत बसला.

बातम्यांनी युद्धविराम झाला. बातम्यांत आपला माणूस शोधायला वाव कमी. मंत्री विमानातून उतरत, मंत्री विमानात चढत. पण शेवटी मौसम यायचा आणि आमच्या घरात फूट पडायची. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, एवढ्या चारच शहरांचं तापमान. आईचं माहेर दादर, म्हणून मुंबईचा आकडा आला की तिचा चेहरा उजळायचा. "बत्तीस! दादाला घाम येत असेल." बाबा नागपूरचे. नागपूर नाही. जिथे पारा सत्तेचाळीसवर जातो त्या शहराला हवामानात जागा नाही, हा अन्याय बाबांना रोज रात्री नव्याने जाणवायचा. "हवामान आमच्याकडे असतं," ते म्हणायचे, "यांच्याकडे नुसता दमटपणा." मग आई आणि बाबा अर्धा तास एकमेकांशी बोलत नसत. गल्लीला वाटे, मॅनेजरसाबना पावसाची काळजी आहे.

बाबा आणि लालाजींचा समेट त्या रात्री झाला नाही, पण पुढे झाला. एकदा बऱ्याच उशिरा शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम लागला. या कार्यक्रमाला आमच्याकडे फक्त झोपलेले प्रेक्षक असत. पडद्यावर किशोरी आमोणकर आल्या. निळं कपाळ, नारिंगी तंबोरा. बाबा पुटपुटले, "आपल्या." भिंतीला टेकून पेंगणारे लालाजी खडबडून जागे झाले. "घराना कौनसा?" त्यांनी विचारलं. बाबा नाइलाजाने म्हणाले, "जयपूर." लालाजी उभेच राहिले. जयपूर-अत्रौली घराण्याचे अल्लादियाखाँ जन्मले उनियाऱ्याला, म्हणजे आमच्याच रस्त्याने टोंकच्या पुढे. गायले मात्र कोल्हापूरला, शाहू महाराजांच्या दरबारी. त्यांचं गाणं केसरबाई आणि मोगूबाईंनी घेतलं, आणि मोगूबाईंचं किशोरीताईंनी. गाणं उनियाऱ्याचं, गळा आपला. दोघांनाही शह देता येईना. हेडकॅशिअर आणि कापड दुकानदार शेजारी शेजारी बसले आणि दोघांनी कार्यक्रम अखेरपर्यंत ऐकला. आलापी त्यांना किती कळली ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. मधेच जागी होऊन आजीने विचारलं, "सापडला का तो?"

हल्ली घरातल्या घरात तिघे तीन फोनवर तीन वेगळ्या गोष्टी बघतात आणि श्रेयनामावली आली की यंत्रच पुढचा भाग सुरू करून टाकतं. हे मला मंजूर नाही. ज्यांना माझ्यासारखी खोड असेल त्यांना एवढंच सांगतो, घाई करू नका, ते बटण दाबून थांबवा आणि नावं अगदी तळापर्यंत वाचा. आपली माणसं बहुधा 'प्रकाश सहाय्यक' या ओळीत असतात.